सपाट जागा

आमच्या गावात सपाट असं काही नाही.
बटाटे उतारावर लावायचे, माणसं उतारावर पुरायची,
चेंडू हातातून सुटला की तो समुद्राचा.
मेंढ्यांचे डोंगराकडचे दोन पाय आखूड असतात,
असं आम्ही मुलांना सांगतो
आणि पाचव्या वर्षापर्यंत ती ते खरं मानतात.

माझ्या दाराशी गाडी उभी असते
नाक खाली घालून, चाकाला धोंडा लावून.
तिथं बॉनेट उघडून तेल बघण्यात अर्थ नाही.
तेल उताराचं ऐकतं.
मागच्या हिवाळ्यात बघितलं होतं दारातच,
काडी म्हणाली, भरपूर आहे,
आणि तोर्शाव्हनच्या वाटेवर, समुद्राखालच्या बोगद्यात,
ऐन मध्यावर, लाल दिवा.

सपाट आहे तो फक्त धक्का.
बोटीसाठी काँक्रीट ओतलेलं, तीन गाड्या मावतील इतकं.
तेच सगळ्या गावाचं अंगण.
रविवारी प्रार्थना आटोपली की
बोट यायच्या आत तिथं जाऊन तेल बघून घ्यायचं.

आज हेर्गाइर आधीच आलेला. बॉनेट वर, डोकं आत.
परत फिरावं म्हटलं, तर फिरायला जागा नाही.
मी त्याच्या शेजारी गाडी लावली,
इंजिन बंद केलं.

सहा वर्षं झाली.
अकरा मेंढ्यांच्या चाऱ्यावरून सुरू झालं,
डोंगराच्या एका पट्ट्यावरून, जिथं गवतही धड उगवत नाही.
तेव्हापासून दुकानात, मयतीत, त्याच्या पुतणीच्या लग्नात
आम्ही एकमेकांच्या बाजूनं
वाऱ्यासारखे गेलो आहोत.

इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबावं लागतं.
वर चढलेलं तेल आपापल्या वाटेनं खाली येतं,
थेंब थेंब, कुणाचं ऐकत नाही.
दहा मिनिटं मी बदकं मोजली.
त्यानं एकदा झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.
वारा दोन्ही बॉनेटांखाली शिरून
एकच सूर काढत होता.

मग मी पिवळ्या कडीत बोट घालून काडी ओढली,
आणि आठवलं, फडकं स्वयंपाकघरात खिळ्यावर.
पहिलं माप हे मापच नव्हे.
पुसायचं, पुन्हा बुडवायचं, मग बघायचं.
काडी वाऱ्यात धरून मी माझ्या चर्चच्या स्कर्टकडे बघत होते
तेवढ्यात शेजारून एक हात पुढे आला,
हातात करड्या लोकरीचा मोजा,
टाच उसवलेला, तेलकट.

मी घेतला. पुसलं. बुडवलं. काढलं.
वरच्या खुणेच्या जरा खाली. ठीक, मी मनात म्हटलं.
"दोन्ही बाजू बघ,"
हेर्गाइर म्हणाला, माझ्याकडे न बघता, बॅटरीला उद्देशून,
"कमी दाखवील ती खरी."

काडी उलटी केली.
डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं तेलाकडे.
काळ्या चहासारखी रेघ,
खालच्या खुणेपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही.
त्याच्याकडे डब्यात उरलेलं होतं, अर्धा लिटर असेल.
दुधाची बाटली कापून केलेलं नरसाळं त्यानं धरलं,
मी ओतलं. धार वाऱ्यानं वाकडी होत होती,
तसा तो नरसाळं सरकवत होता.
"पुरे," म्हणाला. "जास्तही वाईट."
मेंढ्यांचं कुणीच काढलं नाही.
मग बोटीचा भोंगा, आणि धक्क्यावरून दान्याल
आम्हा दोघांनाही एकाच शिवीत ओरडला, गाड्या हलवा म्हणून.

मोजा माझ्याकडेच राहिला.
दोनदा गरम पाण्यातून काढला, दोरीवर घातला आहे.
डाग जायचा नाही, ठाऊक आहे मला.
टाच तेवढी शिवून टाकली.