डावा उणे अकरा

मंगळवारी आम्ही चष्मे धुतो.
ल आव्रच्या बंदरामागे, दोरखंडांच्या जुन्या गोदामात
तीन टेबलं, एक गळका नळ
आणि गावाने उतरवून ठेवलेली नजर,
खोक्याखोक्यांतून.

बेकरीच्या गल्ल्यापाशी आमचा एक डबा असतो,
एक दवाखान्यात, एक शाळेत.
सगळ्यात लवकर भरतो तो
अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानातला.
बिजागरीत कधी पांढरा केस अडकलेला,
कधी घरात घडी घातलेली चिठ्ठी:
लोणी, मेणबत्त्या, रने ला फोन.
चिठ्ठी कुठे टाकायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी अडतीस वर्षं क्रेन चालवली.
वीस टनांचा कंटेनर अंड्यासारखा टेकवायचो.
आता वीस ग्रॅम उचलताना
हात आधी परवानगी मागतो.

गिस्लेन यंत्राला डोळा लावून नंबर सांगायची,
मी पाकिटावर लिहायचो.
अधिक दीड. अधिक दोन. उणे सव्वा.
तिच्या तोंडी उणे यायचं ते एवढंच;
कुणाचं उणं तिने कधी काढलं नाही,
माझंसुद्धा, आणि मी पुष्कळ सोय करून ठेवली होती.

लोकांना वाटतं, दिलं म्हणजे पोचलं.
दहातले सात आम्ही टाकतो.
ओरखडे, तडे, कुत्र्याने चावलेल्या काड्या,
एकदा तर नुसतीच फ्रेम, काचांशिवाय,
वर मनापासून लिहिलेलं: गरजूंसाठी.
धातू वजनावर विकतो.
ज्यांतून कुणालाच दिसणार नाही
त्यांच्या भंगारातून निघतं
दिसणाऱ्यांचं मादागास्करपर्यंतचं भाडं.

तो चष्मा आला तेव्हा यंत्र बिघडलं असं वाटलं.
डावा उणे अकरा, उजवा अधिक दोन.
लहान मुलाची फ्रेम, निळी,
एका काडीला चिकटपट्टी,
पट्टीवर पेनाने काढलेला मासा.
नियम साधा आहे: असा नंबर दुसऱ्या कुणाचा नसतो. टाका.
गिस्लेनने तो खणात ठेवला.
म्हणाली, जग मोठं आहे, आर्मेल.
मी म्हणालो, खण लहान आहे.

सहा वर्षं.
तोआमासिनाहून मागणीची यादी आली
की ती बोट ओळीखाली धरून वाचायची,
पहिल्यापासून शेवटापर्यंत,
मग यादी मला द्यायची. काही न बोलता.
खणात किल्ल्या, साखर आणि तो.
आम्हाला त्याची सवय झाली,
घरातल्या न बोलणाऱ्या मुलाची होते तशी.

फेब्रुवारीत तिचा भाचा कागदी पिशवी घेऊन आला.
दारातच उभा राहिला, ओल्या बुटांनी,
म्हणाला, मावशीने सांगून ठेवलं होतं.
पिशवीत चार चष्मे.
दोन मोडके, तिसऱ्याची काडी दोऱ्याने बांधलेली
(जगाचे दुरुस्त करणारी बाई!)
चौथा मात्र धड.

यंत्राला मीच डोळा लावला.
अधिक पावणेदोन. दोन्हीकडे.
इतका साधा नंबर.
यादीत तीन ओळींवर तोच होता:
एक शिंपीण, एक मास्तर,
एक म्हातारी, जिच्या नावापुढे कारण लिहिलं होतं
तांदळातले खडे.

डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा.
मी तो उजेडाकडे धरला,
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.
मग फडकं उचललं
आणि ती मागे असल्यासारखा थांबलो:
कोरडं नको, आर्मेल, आधी पाणी.
नळ सोडला. साबण लावला. धुतला.

शुक्रवारच्या जहाजात जागा होती.
खिडकीतून माझी जुनी क्रेन दिसते;
हल्ली ती दुसऱ्याच इमारतीत बसून
कुणी पोरगी चालवते, चांगली चालवते.
खोकं वर गेलं, फिरलं, उतरलं.
इथून सगळीच खोकी सारखी.

आत आलो. कॉफी ठेवली.
खण उघडला, साखर घेतली,
आणि निळा चष्मा
किल्ल्यांचा ओरखडा लागू नये म्हणून
जरा आत सरकवला.