पावणेदोन फूट

टेपचं टोक धरा म्हटलं, तर रणभिसेकाकांनी आधी चपला काढल्या,
मग उंबऱ्यावर उकिडवे बसून
पितळी कडी अंगठ्यानं दाबून धरली.
मी दुसरं टोक घेऊन वेदीकडे निघाले.
एक्क्याऐंशी फूट, चार इंच.

बाहेर सदरची दुपार, सत्तेचाळीस.
आत छताचा उतार एवढा उभा
की बर्फ साचूच नये.
"बर्फ कुठचा पडते जी इथं?
माकडं घसरतेत."

कुण्या कॅप्टननं गावाकडचं चर्च,
सहाशे वर्षांचं, शेवाळलेलं,
आठवून आठवून कागदावर उतरवलं असेल:
टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दगडी टेकू,
भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या.
त्याच्या आठवणीत मे महिना नव्हता.
तो मागाहून भिंतीत शिरला,
पंख्याच्या दोरीसाठी पाडलेल्या भोकांतून.
बोट घातलं. कड अजून गुळगुळीत.
दोरीच्या पलीकडे कोण बसायचं,
त्याची संगमरवरी पाटी नाही.

ऑर्गनच्या मागे, झाडू पोचत नाही तिथे,
कामठीकडच्या पिवळट दगडावर
छिन्नीच्या दोन वाकड्या रेघा.
काका म्हणतात, मासा, प्रभूचा.
मला वाटतं पाथरवटाची खूण,
शनिवारी मजुरी मोजून घेण्यापुरती.
दोघंही थोडा वेळ बघत राहिलो.

संध्याकाळी नकाशावर रेघा जुळेनात.
वेदीकडचा भाग उत्तरेला कललेला, पावणेदोन फूट.
पुन्हा मोजलं. तेवढंच.
तिकडच्या जुन्या चर्चांतही असतं असं, मी सांगितलं,
क्रूसावर कललेलं मस्तक आहे ते, म्हणतात.
काकांनी ऐकून घेतलं.
मग मला दक्षिणेच्या भिंतीबाहेर नेलं.

विहीर.
"हे आधीची हाय. बुजवा म्हणे साहेब.
पाथरवट म्हणे, नाई बुजवत.
मंग काय, साहेबच सरकला."
कुणी सांगितलं?
"बाप सांगे. त्याले कोणं सांगतलं, मले काय मालूम."

वहीत 'कारण' असा एक रकाना असतो.
मी पेन्सिल टेकवली, उचलली.

काकांनी जाळीचं झाकण उघडून बादली सोडली.
दोर सरकत राहिला, सरकत राहिला,
मग खूप खाली
पाण्याला काहीतरी लागलं.
पहिल्या ओंजळीत त्यांनी माझी टेप धुतली.