गाईंना सांगायचं राहिलंय

दिवसातून पाच वेळा मी राज्य बुडवते.
जेवणाआधी तीनदा, नंतर दोनदा,
शाळेची सहल आली तर आणखी एकदा.
तिकिटं फाडते आणि सांगते, वाकून या आत,
राजापुढे ताठ मानेनं जायची रीत नव्हती.
दार बुटकं आहे, एवढंच.
पण वाकतात सगळे.

हे गवती घुमटाचं घर.
गवत दर काही वर्षांनी नवं, वासे मागल्या साली बदलले.
मग जुनं काय, एका पोरानं विचारलं.
मी म्हटलं, आकार.

मागे दोन झोपड्या,
एक केळ्याच्या दारूची, एक दुधाची.
दुधाच्या झोपडीत बिनलग्नाची मुलगी राहायची,
उभा जन्म, चरव्या राखत.
इथं मी जरा थांबते. लोक फोटो काढतात
लाकडी चरव्यांचे, विणलेल्या टोकदार झाकणांचे.
मी चौतिसाची आहे.
आईचा फोन येतो बुतारेहून :
मुकाकिमेन्यी, स्थळ चांगलं आहे,
आठ गाई द्यायला तयार आहेत.

आणि सगळ्यांच्या मागे, कुंपणापाशी, न्सेकानाबो.
पगार माझ्याहून कमी, अंगात निळा सरकारी डगला.
त्याच्या इन्याम्बो गाईंची शिंगं
दोन्ही हात पसरले तरी मापात येत नाहीत.
कपाळावर मण्यांची झालर. तो एकेकीला नावानं गातो :
जिच्यासाठी राजा आसन सोडून उठतो, ती तू.

उठतो.
मी एकदा टोकलं, काका, उठायचा म्हणा,
राजा जाऊन साठ वर्षं झाली.
तो शेण भरत होता. मान वर न करता म्हणाला,
तूच सांग हिला. रोज सांगतेस ना लोकांना?
दूध आटलं तर तुझ्या नावावर.

परवा कुणीच आलं नाही.
एकही तिकीट फाटलं नाही, राज्य दिवसभर शाबूत होतं.
चार वाजता मी कुंपणापाशी गेले,
घसा साफ केला, नेहमीसारखी सुरुवात केली :
तर मंडळी, शेवटी असं झालं की...

तिनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हुंगलं.
मग मनगट चाटलं, खरखरीत, मिठासाठी.
शिंगांखालून तिचा चेहरा बघायचा
तर मलाच वाकावं लागलं,
आणि तिथं तर दार नव्हतं.

खिशात फोन थरथरत होता.
आठाच्या नऊ झाल्या असतील.