मालवणे

ओझ्बोल्टच्या घरामागे, बोहिन्यच्या खोऱ्यात,
एका तुकड्यात विळा न्यायला बंदी आहे.
बाकीचं कुरण जूनअखेर कापून होतं,
लाकडी मांडवांवर गवत वाळत पडतं;
हा तुकडा मात्र वाढेल तसा वाढतो –
रानथाईम, निळी घंटाफुलं, जांभळा सेज,
आणि एक चिवट, कुसळं चिकटवणारं झाड,
ज्याचं नाव ओझ्बोल्ट शिंकल्यासारखं घ्यायचा.

तिथे त्यांची वस्ती.
वाटाण्याच्या शेंगेएवढे, तेही थोराड असले तर.
पंख कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे,
खवल्याखवल्यांत परागांचा मळ,
म्हणून ज्याचा त्याचा रंग ज्याच्या त्याच्या फुलाचा.
ड्रॅगन म्हटलं की गुहा, सोनं, राजकन्या –
यांना यातलं काही परवडत नाही.
आग आहे, पण बेताची:
दवाचा एक थेंब सुकेल,
दुसऱ्यासाठी दम खावा लागेल.

आणि तेवढीच लागते.
मे महिन्यातही तिथे पहाटे हिव पडतं.
रात्री घरी न पोचलेला एखादा केसाळ भुंगा
सेजच्या तुऱ्याला लटकलेला असतो, पाय आखडून.
मग घंटाफुलातून कुणी एक जांभई देत उतरतो,
त्याच्या पोटाखाली शिरतो,
फुंकतो. थांबतो. पुन्हा फुंकतो,
ओल्या सरपणापुढे फुंकणी घेऊन बसावं तसा.
भुंगा थरथरतो, उडून जातो.
आभार वगैरे काही नाही.

मधमाश्यांच्या पेट्या भिंतीसारख्या रचलेल्या,
प्रत्येकीच्या कपाळावर एक चित्र,
माशीला आपलं दार ओळखू यावं म्हणून:
शिकाऱ्याची तिरडी वाहून नेणारी अस्वलं आणि ससे,
सहाणेवर एका बाईची जीभ परजणारा सैतान,
जळत्या घरावर बादली ओतणारा संत फ्लोरियान.
या शेवटच्या चित्रासमोरून ते उडत नाहीत.
लांबचा वळसा पडला तरी चालतो.

सात वर्षांची झार्या एकदा काडेपेटी घेऊन आली.
आत एक जण, कुशीवर, गार.
"पणजोबा, याचं काय झालं म्हणायचं?"

प्रश्न साधा नव्हता.
त्यांच्या भाषेत गाय, मांजर, घोडा जातो
त्याला एक क्रियापद; माणसाला दुसरं.
आणि हे माणसाचं, सगळ्या जीवांत
फक्त मधमाशीला मिळतं.
आपलं कसं, कुत्रं मेलं आणि काका वारले,
तसं तिथे माशी वारते.
ओझ्बोल्टने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.
मेला म्हणवेना.
वारला म्हणावं, तर पेट्यांमधून ऐकणाऱ्या होत्याच.
शेवटी त्याने दिव्याचा एक शब्द काढला,
झोपायच्या आधी कुणी वात हलकेच खाली ओढतं तेव्हाचा.
आपल्याकडे 'मालवला' म्हणतात, तो.

काडेपेटी त्यांनी थाईमखाली पुरली.
काड्या आधी काढून घेतल्या,
आतल्याला उगाच वाईट वाटलं असतं.

ओझ्बोल्ट ऑक्टोबरात गेला,
नाशपातीचा रस काढायच्या आठवड्यात, हौद अर्धा भरलेला.
रिवाजाप्रमाणे झार्या पेट्यांपुढे उभी राहिली,
एकेकीवर टकटक करून सांगत गेली:
मालक वारले. मालक वारले.
आत गुणगुण चढली, हळूहळू बसली.
मग ती मागच्या तुकड्यात गेली.
तिथे टकटक करायला काहीच नव्हतं.
वाळक्या देठांत एकच घंटाफूल उशिराचं उभं,
ते तिने दोन बोटांनी वाकवलं,
तोंडाशी तोंड नेलं, म्हणाली:
पणजोबा मालवले.

बराच वेळ काही नाही.
मग आत कुणीतरी खाकरलं.
धुराचा एक धागा बाहेर आला,
आणि हिवाने लाल झालेल्या तिच्या नाकाच्या शेंड्यावर
कुणीतरी फुंकलं. थांबलं.
पुन्हा फुंकलं.