यादी भाग एकशे बारा

बिबवेवाडी, मनपा शाळा, खोली चार.
माझ्याकडे शाईची बाटली.

सात वाजून दहा मिनिटांनी
सुगंधाबाई सरवदे आल्या,
कचऱ्याची ढकलगाडी फाटकाशी लावून.
मी डावी तर्जनी मागितली. नव्हती.
"फुटक्या काचेनं नेली, ताई.
शेजारच्या बोटाला लावा, तेही माझंच आहे."

मग खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बघत:
"आज बादल्या रिकाम्या.
जोडून सुट्टी आली ना, सगळी पाचगणीला."

त्या टॉवरची माझ्या यादीत चारशे सहा नावं.
चारपर्यंत एकोणनव्वद.
त्यातले एक आजोबा, लिफ्ट बंद म्हणून
वॉकर उचलून पाच मजले उतरलेले.

"मी एक दिवस खाडा केला," बाई जाता जाता म्हणाल्या,
"तर बाराच्या आत वास सुटतो, फोनावर फोन.
यांच्या खाड्याचा वास उशिरा सुटतो.
आणि आधी आमच्या गल्लीत येतो."

सहाला मशीन सील झालं.
बाटलीत अर्धी शाई तशीच.

परतताना बसमध्ये शेजारणीनं विचारलं,
"झालं का मतदान?"
माझी दहाही बोटं शाईनं माखलेली.
टपाली मतपत्रिकेचा अर्ज
पर्समध्ये,
घडी न मोडलेला.