रिठे

कुंदाताई मेश्राम वर आल्या तेव्हा चार वाजले होते,
गच्चीच्या दाराची कडी हाताला चटका देत होती,
आणि त्यांच्या गंजात
रात्रभर भिजलेले तपकिरी रिठे.
"पाह्य बरं गं, भाचीनं पाठवले, रुचिकानं,
बाटुमीहून, मैत्रिणीच्या बॅगेत.
घासून घासून हात दुखले,
फेसच येऊन नाही राहिला."

मी एक उचलला, वाजवून पाहिला.
ताई, म्हटलं, हे खायचे असतात. हेझलनट.
"अस्सं," त्या म्हणाल्या,
एकतीस वर्षं मेयोच्या वॉर्डात
चुकीच्या खाटेशी निघालेलं इंजेक्शन
वेळेत थांबवून म्हणाल्या असतील, तसं.

तासाभरात वाळले.
इंदोऱ्यात मे महिन्यात गच्चीवर
काहीही तासाभरात वाळतं, चादर काय, भांडण काय.
इतवारीहून ओल्या फडक्यात गुंडाळून
स्कूटरवर मांडीशी धरून आणलेली चॉकलेटची वीट,
जिला रस्ताभर ऊन दिसू दिलं नव्हतं,
तीच काचेच्या झाकणाखाली
उन्हाच्या हवाली केली.
आधी कोपरे गेले. मग कंपनीचं नाव.

फोडायचं काम ताईंकडे.
उंबरठ्यावर रिठा, वर बत्ता,
एक घाव आणि दाणा अख्खा.
भाजले, पंचात चोळले, सुपात पाखडले,
शेंगदाण्याचीच रीत,
वास मात्र शेंगदाण्याचा नव्हे,
तूप सांडलेल्या जुन्या लाकडी फळीचा.
त्यांना रिठेच म्हणत राहिलो आम्ही.
शेवटपर्यंत.

मग रात्रीची वाट.
आमच्या मीटरवर कूलर आणि ओव्हन
एकत्र नांदत नाहीत, फ्यूज उडतो.
साडेअकराला कूलर बंद केला.
खसाचा वास थोडा वेळ घुटमळला,
मग कोकोनं त्याला जिन्यात लोटलं.

तीन अंडी, लोणी, मैदा नावापुरता.
घाम कोपरावरून भांड्यात पडू नये म्हणून
मी लांबून ढवळते आहे,
आणि ताई ओव्हनच्या काचेसमोर
स्टूल टाकून बसलेल्या.
नाइट ड्युटी सुटून सात वर्षं झाली,
झोपेला अजून कुणी कळवलेलं नाही.

पंचविसाव्या मिनिटाला विणायची सुई खुपसली.
ती त्यांनी माझ्या हातून घेतली,
ट्यूबलाइटखाली आडवी धरली,
पारा वाचावा तशी.
"ओलं लागलं. कच्चं आहे अजून."
असंच हवं, ताई.
कोरडी आली तर केक झाला,
चिखल आला तर फसला,
हे त्यांच्या मधलं आहे.
याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?
मी ओलसर म्हणून पाहिलं, लिबलिबीत, गिच्च.
एकही बसेना.
ताईंनी सुई पुसली.
"म्हणजे सुट्टी द्यायची,
पण औषध चालू ठेवायचं."

बाहेर काढला ट्रे,
आणि या गावात थंड होणार तरी कशानं?
कूलर परत लावला, समोर पाट, पाटावर ट्रे,
दोन्ही बाजूंना आम्ही,
जणू कुणी पेशंट शुद्धीवर येतोय.
वरची पापडी तडकली, बारीक.
मी म्हणत होते अर्धा तास थांबू.
सुरी ताईंच्या हातात होती.

एक वाजता रुचिकाचा व्हिडिओ कॉल.
तिथं साडेअकरा, मागे कुणाचा तरी सांगाडा,
अभ्यासाचा.
"मावशी, मिळाले का? कसे निघाले?"

ताईंनी जिभेनं दात चाचपले,
ओठ मिटले,
अंबाडा सोडून फोनसमोर धरला
आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या,
"पाह्य ना. कसे मऊ झाले."

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.
नेटवर्क असेल.
मी तिसऱ्या तुकड्याकडे हात नेला तर
तिथं फक्त कागद होता.