पाणी कुठवर आलं

माझं काम भिंतींना धडकत राहणं.
दिवसाचे नऊ तास.
जिथे जग नीट शिवलेलं नाही तिथे बोट घालायचं
आणि वहीत लिहायचं:
घाटाची चौथी पायरी, डावीकडे,
पोरगी दगडातून आरपार जाते.

तेव्हा आम्ही सातपूरला होतो, सात जण,
मोटर रिवाइंडिंगच्या शेडवरती.
खाली लेथ सुरू झाला की पडद्यावरची नदी थरथरायची
आणि गांगुर्डे म्हणायचा, राहू दे, खरी वाटते.
खेळाचं नाव गुडघाभर.
पूर येतोय, आणि एक पोरगी
घाटावरच्या दुकानांतला माल वर नेते,
अजून वर नेते. एवढंच.
पाण्याची उंची आम्ही आकड्यात दाखवली नाही.
कोपऱ्यात दुतोंड्या मारुती उभा केला:
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
नाशकात पूर असाच मोजतात
हे ज्यांना कुणीच सांगितलं नव्हतं
ती फिनलंडची, पेरूची पोरंही
आठवड्याभरात विचारू लागली,
मारुतीच्या कुठवर आलं?

मग ओझरहून तीन गाड्या आल्या.
त्यांनी मिसळ खाल्ली, डोळे पुसत ऑथेंटिक म्हणाले,
सह्या झाल्या.
हिशेबाच्या धनंजय पगारने
(आडनावावरून किती छळलं आम्ही त्याला)
पहिल्यांदाच एक तारखेला सगळ्यांचा पगार केला.
तन्वीरच्या आईचा मोतीबिंदू निघाला.
मी स्कूटर घेतली, उगाच सोमेश्वरपर्यंत जाऊन आले.

त्र्यंबक रोडला काचेची इमारत, गळ्यात कार्ड,
सातांचे सत्तर, सत्तरांचे एकशे चाळीस.
खुर्च्या अशा की सात प्रकारे वाकतात.
आम्हीही शिकलो.

पहिल्याच तिमाहीत त्यांनी विचारलं,
नदीत नाणी का नाहीत?
गांगुर्डे भाबडेपणाने बोलून गेला:
आमच्या गंगेत असतात की,
रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून काढतात.
वा, म्हणाले, मग झालंच.
तो चुंबक आता नव्व्याण्णव रुपयांना मिळतो,
सोनेरी हवा तर दोनशे एकोणपन्नास.
गांगुर्डे त्यानंतर बैठकीत फक्त पेन उघडायचा आणि मिटायचा.

दुसऱ्या वर्षी पूर रोज लागायला लागला.
सकाळी नऊला, सणावारी दोनदा.
पोरगीला एकोणीस पोशाख.
आणि पाणी ओसरतं तो भाग काढून टाकला,
कारण ओसरल्यावर लोक खेळ बंद करतात,
आलेखात स्पष्ट दिसत होतं.

तो रेवती दोंदेचा भाग. आठ महिने घालवले होते तिने:
गाळ, दुकानाच्या फळ्या, उन्हात उघडून ठेवलेल्या उधारीच्या वह्या,
आणि ओल्या दगडावर खराट्याचा आवाज,
जो तिने पहाटे पाचला भांडी बाजारात जाऊन टिपून आणला होता.
त्यात मला एकही चूक सापडली नव्हती.

मंगळवारी रेवतीचं कार्ड दारात लाल झालं.
वॉचमन खैरनार बिचारा ओशाळला,
पाहुण्यांचं रजिस्टर पुढे केलं,
भेटीचं कारण लिहा म्हणाला, ताई, नियम आहे.
तिने लिहिलं: कुंडी.
तुळशीची कुंडी घेऊन ती रिक्षात बसली.

एकशे चाळीसांचे साठ. साठांचे एकवीस.
पत्रांत आता आम्हाला स्टुडिओ म्हणत नाहीत, युनिट म्हणतात.
मी उरले.
बंद करतानाही कुणीतरी भिंतींना धडकून बघावं लागतं.

एकतीस मार्च, रात्री अकरा वाजून वीस मिनिटं.
बारा वाजता सर्व्हर बंद.
घाटावर माझ्याशिवाय कुणी नाही,
मारुतीच्या छातीशी पाणी.
चौथी पायरी, डावीकडे.
सहा वर्षांत कुणी बुजवली नाही ती.
शिरले.

खाली अंधार, मग ऊन.
त्यांनी रस्ता तोडला होता फक्त,
जागा पुसायची राहून गेली.
गाळ होता. फळ्या होत्या.
वह्यांची पानं वाऱ्यावर उलटत होती.
भिंतीला टेकवलेला खराटा पोरगीने उचलला.

वहीत नोंद करायला हवी होती.
पगारचा फोन आला, झोप येत नसावी त्यालाही.
काय गं, कुठवर आलं?
म्हटलं, थांब जरा,
झाडतेय.